ग्रिंडाविक, १० नोव्हेंबर २०२३ : हादरे मोजायचे की वाचायचे?

शुक्रवारची दुपार होती. आइसलँडच्या नैऋत्य टोकाला रेक्यानेस द्वीपकल्पावर ग्रिंडाविक नावाचं मासेमारीचं गाव आहे. वस्ती सुमारे ३,८०० माणसांची. भूकंपाचे धक्के गावाला नवे नव्हते. २५ ऑक्टोबरपासून तर रोज जमीन हलत होती आणि लोक जेवता जेवता हादऱ्यांची तीव्रता ओळखू लागले होते. पण त्या दिवशी तीनच्या सुमारास गणित बिघडलं. एक धक्का संपून दुसरा सुरू होण्यातलं अंतर मिटत गेलं. फडताळातली भांडी वाजायची थांबेनात. कित्येक कुटुंबांनी सरकारी हुकमाची वाट न पाहता मुलंबाळं गाडीत घातली आणि निघाली.

रात्री अकराच्या सुमारास नागरी संरक्षण विभागाने आणीबाणी जाहीर केली आणि गाव रिकामं करायचा आदेश निघाला. त्याच वेळी हेही सांगण्यात आलं की पळापळ करू नका, वेळ हाताशी आहे, शांतपणे निघा. पहाटेपर्यंत गाव मोकळं झालं. उद्रेक त्या रात्री झालाच नाही. दुसऱ्या दिवशीही झाला नाही. तो व्हायला ३८ दिवस लागले.

मग निर्णय चुकला का? माझ्या मते भूकंपनिरीक्षणाच्या इतिहासात इतका नीट घेतलेला निर्णय क्वचितच सापडेल. तो कशाच्या जोरावर घेतला गेला, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

आठशे वर्षांची झोप

आइसलँड अटलांटिक महासागराच्या मध्य पर्वतरांगेवर बसलेला देश आहे. तिथे युरेशियन आणि उत्तर अमेरिकी भूपट्ट वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर या वेगाने एकमेकांपासून दूर जातात. रेक्यानेसवर ही फट समुद्रातून जमिनीवर चढते. तरीही तिथला शेवटचा उद्रेक १२४० साली थांबला होता. त्यानंतर जवळजवळ आठशे वर्षं काहीच नाही. या काळात गाव वाढलं, बंदर झालं, गावाजवळच्या स्वार्त्सेंगीला भूगर्भातल्या उष्णतेवर चालणारं वीजकेंद्र उभं राहिलं आणि त्याच्या गरम पाण्यातून ‘ब्लू लगून’ हे जगप्रसिद्ध स्नानस्थळ तयार झालं.

जाग आल्याची पहिली ठळक खूण जानेवारी २०२० मध्ये मिळाली. गावामागच्या थोरब्योर्न डोंगराजवळची जमीन दिवसाला तीन-चार मिलिमीटर वर येऊ लागली. डोळ्यांना हे कधीच दिसलं नसतं. जीपीएस केंद्रांना आणि उपग्रहाच्या रडारला दिसलं.

त्यानंतर आला २०२१ चा धडा. पुढचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पुढच्या तीन आठवड्यांत पन्नास हजारांहून अधिक हादरे नोंदले गेले. सगळे श्वास रोखून बसले होते. मग मार्चच्या मध्यावर हादरे कमी होत गेले, जमिनीची हालचालही मंदावली. आता शिलारस आतच थिजणार असं वाटू लागलं आणि १९ मार्चच्या रात्री फाग्रादाल्सफ्यात्ल भागात जमीन फाटून लाव्हा बाहेर आला. उद्रेकाच्या क्षणी भूकंपमापकांवर डोळ्यांत भरेल असं काहीच घडलं नाही. बातमी कळली ती कॅमेऱ्यातून आणि लोकांना दिसलेल्या लाल उजेडातून.

नंतर अभ्यासकांनी याची उकल केली. भूपट्ट ओढले जात असताना खडकात शतकानुशतकं साठलेला ताण असतो. शिलारस भेगेत शिरतो तेव्हा तो ताण मोकळा होतो आणि त्याचे भूकंप होतात. ताण संपत आला, शिलारस वरच्या कमकुवत थरापर्यंत पोचला की तोडायला फारसं काही उरत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी हादरे ओसरले तर निर्धास्त होण्याऐवजी कान टवकारायचे. ही गोष्ट तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये पक्की गाठीला बांधली.

ऐकायची साधनं

आइसलँडच्या हवामान विभागाकडे भूकंप, ज्वालामुखी, हिमनद्या आणि हवामान या सगळ्यांचं निरीक्षण एकाच छताखाली आहे. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. कारण लहान हादरे टिपण्यातला तिथला मोठा शत्रू म्हणजे वारा. समुद्रावरून वादळ आलं की जमीनच थरथरते आणि सूक्ष्म भूकंप त्या गोंगाटात बुडतात. आज हादरे खरंच कमी झाले आहेत की नुसतं वादळ आहे, हे एकमेकांच्या शेजारी बसणाऱ्या माणसांना चटकन ठरवता येतं.

तिथल्या भूकंपमापकांच्या जाळ्याची सुरुवात १९९० च्या आसपास दक्षिणेकडच्या सखल प्रदेशात झाली आणि ते हळूहळू देशभर पसरलं. प्रत्येक केंद्रावर आधी प्राथमिक लहर पोचते आणि मागून दुय्यम. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून आपण वीज किती लांब पडली ते ताडतो, तसंच हे. दोन लहरींत एका सेकंदाचं अंतर असेल तर भूकंप साधारण आठ किलोमीटरवर. चार-पाच केंद्रांची अंतरं जुळवली की जागा सापडते. खोली सापडणं मात्र अवघड. त्यासाठी एखादं केंद्र जवळजवळ भूकंपाच्या डोक्यावरच असावं लागतं. ज्वालामुखीच्या प्रदेशात खोली चुकली की सगळंच चुकतं, म्हणून यंत्राने काढलेल्या नोंदी तिथली माणसं पुन्हा स्वतः तपासतात. भूकंप एकमेकांवर चढून येऊ लागले की यंत्राला लहरी वेगळ्या करता येत नाहीत आणि पडद्यावरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. गावात सगळ्यात जोराने धक्के बसत असतात, तेव्हाच यादी सगळ्यात अपुरी असते.

म्हणून जोडीला जीपीएस आणि उपग्रहांचं रडार. भूकंपमापक सांगतो खडक कुठे तुटतोय. जीपीएस सांगतं जमीन कुठे सरकतेय. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय खालच्या शिलारसाबद्दल बोलणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

खाली नक्की काय घडत होतं हे डोळ्यांसमोर आणायचं तर मराठी वाचकाला आइसलँडला जायची गरज नाही. धुळे-नंदुरबारकडे जाताना माळरानावर काळ्या दगडाच्या लांबच लांब, सरळ रेषेत गेलेल्या टेकड्या दिसतात. कुणी राक्षसाने भिंत बांधून अर्धवट सोडावी तशा. त्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात. दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगांमध्ये थिजून राहिलेला हा शिलारस. वरचा खडक झिजून गेल्यावर ती भिंत उघडी पडली. आपल्याला साडेसहा कोटी वर्षं उशिरा दिसणारी ती भिंत ग्रिंडाविकच्या खाली त्या शुक्रवारी काही तासांत घडत होती.

त्या दिवशी पडद्यावर काय दिसलं

२५ ऑक्टोबरपासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांतले हादरे वेगळ्या जातीचे होते. स्वार्त्सेंगीखाली चार-पाच किलोमीटर खोल शिलारस आडवा साचत होता आणि वरची जमीन फुगत होती. त्या फुगवट्याचा ताण आजूबाजूच्या जुन्या प्रस्तरभंगांवर येऊन तिथे भूकंप होत होते. म्हणजे भूकंप एका जागी आणि त्याचं कारण दुसऱ्या जागी. ९ नोव्हेंबरच्या पहाटेआधी ४.८ तीव्रतेचा धक्का बसला आणि ब्लू लगून बंद करण्यात आलं. भूकंपाच्या ठिपक्यांखाली शिलारस आहे असं धरून चाललं असतं, तर लक्ष भलतीकडेच लागलं असतं.

१० तारखेला दुपारी हादरे सुंदनुकुर नावाच्या जुन्या ज्वालामुखी-विवरांच्या ओळीत जमा झाले. ही ओळ गावाच्या ईशान्येला आहे आणि तिचं टोक गावाकडे वळलेलं आहे. मग ते सरकू लागले. नकाशावरचे ठिपके ईशान्येकडे आणि नैऋत्येकडे, दोन्ही दिशांना पसरत गेले. नैऋत्येकडचं टोक गावाखालून निघून समुद्रात गेलं. डाइकचं टोक जिथे खडक फोडतं तिथे हादरे होतात, त्यामुळे पुढे पुढे जाणारी हादऱ्यांची आघाडी म्हणजे पुढे पुढे जाणारी शिलारसाची धार. मोठ्यांतला मोठा धक्का ५.२ च्या आसपासचा होता. तेवढ्याने तिथली मजबूत घरं पडत नाहीत. तीव्रतेकडे पाहून निर्णय घ्यायचा असता तर गाव हलवायचं कारणच नव्हतं.

त्याच तासांत जीपीएसचे आलेख उलटले. इतके दिवस वर येणारी स्वार्त्सेंगीची जमीन खाली बसू लागली आणि विवरांच्या ओळीच्या दोन बाजूंची केंद्रं एकमेकांपासून दूर सरकू लागली. साठा रिकामा होत होता आणि एक भेग उघडत होती. हिशेब सरळ होता, पण त्यातला वेग कुणी कल्पिला नव्हता. पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला ७,४०० घनमीटर निघाला. दहा हजार लिटरचे सातशे चाळीस टँकर दर सेकंदाला, तेही जमिनीखाली. सुमारे पंधरा किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त आठ मीटर रुंद अशी भिंत काही तासांत तयार झाली. तिचा माथा काही ठिकाणी पृष्ठभागापासून एक किलोमीटरहून कमी खोलीवर आला होता.

आदेश निघाला तो हे सगळं एकत्र वाचून. शिलारस वर येईल की नाही हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. तो गावाखाली पोचला आहे एवढं मात्र सांगता येत होतं आणि अधिकाऱ्यांनी तेवढ्यावर निर्णय घेतला. “उद्रेक होणार का?” या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत थांबायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. मला वाटतं, सगळ्या प्रकरणातलं शहाणपण इथे आहे.

इथे आपल्याकडची एक आठवण काढतो. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात हादऱ्यांचं सत्र सुरू झालं, धुंदलवाडी हे नाव घराघरांत पोचलं, लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. तेव्हा “खाली ज्वालामुखी जागा होतोय” अशा अफवांना ऊत येणं स्वाभाविक होतं, कारण आपली जमीन लाव्हाचीच आहे. पण दख्खनचा तो अग्नी कधीच विझला आहे. निव्वळ हादऱ्यांची यादी समोर ठेवली तर दोन ठिकाणांतला फरक सामान्य माणसाला कळणार नाही. तो कळतो खोलीवरून, सरकण्यावरून आणि जमिनीच्या फुगण्या-बसण्यावरून. हे लोकांना त्यांच्या भाषेत वेळीच सांगितलं गेलं पाहिजे, ही माझी तळमळ आहे.

गाव वाचलं, जमीन फाटली

उद्रेक झाला नाही म्हणून गाव सुखरूप होतं असं नाही. डाइक उघडली की तिच्या वरची जमीन दोन्हीकडे ओढली जाते आणि मधला पट्टा खाली बसतो. असा पट्टा गावाच्या पश्चिम भागातून गेला. जमीन एक मीटरहून अधिक खचली. डांबरी रस्त्याच्या मधोमध भेग, भेगेतून वाफ, एका बाजूचा पदपथ दुसऱ्या बाजूपेक्षा कमरेएवढा खाली अशी छायाचित्रं तेव्हा जगभर गेली. रहिवाशांना काही दिवसांनी सामान आणि पाळीव जनावरं आणायला मोजक्या मिनिटांसाठी आत सोडलं. आयुष्यभराच्या घरातून काही मिनिटांत काय उचलायचं, हा प्रश्न कुठल्याही नकाशावर दिसत नाही.

१८ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास पुन्हा हादरे सुरू झाले आणि १०.१७ ला सुंदनुकुरच्या ओळीवर सुमारे चार किलोमीटरची भेग पेटली. हाताशी वेळ मिळाला सव्वा तासाच्या आसपास. लाव्हा गावाकडे आला नाही, तीन दिवसांत सगळं शमलं आणि लोकांना परतायची परवानगी मिळाली.

जानेवारीने दोन धडे दिले. पहिला अतिशय कडू. १० जानेवारी २०२४ ला एका घराजवळची भेग बुजवण्याचं काम करणारा माणूस त्या भेगेत नाहीसा झाला. दोन दिवस शोध घेतला, मग कडा कोसळण्याच्या भीतीने तो थांबवावा लागला. गावात हिरवळीखाली, रस्त्याखाली पोकळ्या तयार झाल्या होत्या आणि वरून काहीच दिसत नव्हतं. भूकंपमापकाला हे कळत नाही. त्यानंतर जमिनीत शिरणारं रडार आणि ड्रोन वापरून गावाची गल्लीन्‌गल्ली तपासली गेली. हे आधी व्हायला हवं होतं असं आज म्हणणं सोपं आहे. तरीही म्हणतो, कारण पुढच्या गावाला त्याचा उपयोग होईल.

दुसरा धडा १४ जानेवारीचा. पहाटे तीनच्या सुमारास हादरे सुरू झाले, रात्रीतच गाव पुन्हा रिकामं झालं आणि आठला काही मिनिटं असताना उद्रेक. तोवर लाव्हा वळवण्यासाठी माती-दगडांचे बांध घालायला घेतले होते. त्यांनी बराच लाव्हा वळवला. पण दुपारी बाराच्या सुमारास एक दुसरी छोटी भेग बांधांच्या आत, घरांना लागूनच उघडली आणि तीन घरं जळाली. नोव्हेंबरची डाइक गावाखालून गेली होती. भेग गावाच्या वेशीवर फुटू शकते हे नकाशा दोन महिन्यांपासून सांगत होता.

हादरे शांत होत गेले तेव्हा

यापुढचा भाग मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. उद्रेकांमागून उद्रेक झाले, पण बऱ्याचदा आधीचे हादरे कमी होत गेले. वाट आता मोडून मोकळी झाली होती, ताण सैल पडला होता. ८ फेब्रुवारीला हादरे सुरू झाल्यापासून अर्ध्या तासात लाव्हा बाहेर आला. तो स्वार्त्सेंगीहून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळावर चढला आणि ऐन हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक लोकांच्या घरातली ऊब गेली. २ मार्चला उलट झालं. हादरे आले, डाइक सरकली, लोकांना हलवलं आणि शिलारस आतच थांबला. १६ मार्चला तर जेमतेम थोडे हादरे होते. संध्याकाळी ७.४३ ला पहिला इशारा गेला आणि ८.२३ ला भेग पेटली. चाळीस मिनिटं.

इशाऱ्याची वेळ अशी आक्रसत गेल्यावर निरीक्षकांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे लांबचा अंदाज भूकंपांऐवजी साठ्यावरून बांधायला सुरुवात केली. स्वार्त्सेंगीखाली प्रत्येक उद्रेकानंतर पुन्हा शिलारस साचतो. जमीन किती फुगली यावरून त्याचं आकारमान काढता येतं. सुरुवातीला ८० लाख ते १ कोटी ३० लाख घनमीटर साचले की स्फोट जवळ आला असं दिसलं, म्हणून त्यानुसार धोक्याचे नकाशे बदलले जात. पुढे हा उंबरठाही वर सरकत गेला, दर वेळी आधीपेक्षा जास्त साठा लागू लागला, तेव्हा तोही आकडा डोळे मिटून धरता आला नाही.

दुसरी गोष्ट जवळच्या इशाऱ्यासाठी. स्वार्त्सेंगीच्या वीजकेंद्राच्या खोल विहिरींत दाब मोजला जातोच. डाइक सरकू लागली की तो दाब बदलतो. वीज तयार करायला खणलेली विहीर अशी राखणदार झाली. आणि द्वीपकल्पातून गेलेली सुमारे शंभर किलोमीटरची दूरसंचाराची ऑप्टिकल केबल. तिच्यात प्रकाशाचे ठोके सोडले की जमिनीच्या ताणामुळे काचेच्या तंतूत होणारा किंचितसा बदल परतणाऱ्या प्रकाशात उमटतो. म्हणजे दर काही मीटरवर एकेक मापक बसवल्यासारखं. अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठाच्या चमूने आइसलँडच्या हवामान विभागाबरोबर हे काम उभं केलं. त्याची खरी ताकद म्हणजे ही केबल भूकंपांखेरीज जमिनीचं सावकाश ताणलं जाणंही मिनिटामिनिटाने दाखवते. हादरे नसले तरी.

२० नोव्हेंबर २०२४ च्या रात्री याच खुणांनी पाऊण तास आधी हालचाल सांगितली, ११.१४ ला उद्रेक झाला आणि लाव्हा ब्लू लगूनच्या वाहनतळावर पसरला. त्या वेळी तिथे माणूस नव्हतं.

दरम्यान सरकारने कायदा करून गावातली बहुतेक घरं विकत घेतली. बंदरात बोटी येतात, मासळी उतरते, रात्री खिडक्यांत दिवे मात्र थोडेच असतात. १ एप्रिल २०२५ ला छोटा उद्रेक झाला आणि त्याच दिवशी विझला, पण त्याची डाइक वीस किलोमीटर लांब होती. १६ जुलै २०२५ ला मध्यरात्रीनंतर लगेच हादरे सुरू झाले. गावातल्या तळावर तंबू ठोकून राहिलेले पर्यटक उठवून बाहेर काढले गेले आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन फाटली. डिसेंबर २०२३ पासूनचा हा नववा उद्रेक. तो ५ ऑगस्टला थांबला आणि स्वार्त्सेंगीची जमीन पुन्हा वर यायला लागली.